पुंगळी कुठून आणायची?

मोठ्या बोअरची जुनी रायफल मिळवणे आज फारसे कठीण नाही. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या एखाद्या नामांकित कारखान्यातली दुनळी लिलावात येते. तिची नक्षी, तिचे अक्रोडाचे लाकूड पाहून माणूस भुलतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. मग पहिला व्यवहारी प्रश्न उभा राहतो, हिच्यात घालायचे काय? तयार काडतुसे महाग असतात आणि कित्येक मापांत मिळतच नाहीत, म्हणून ती घरी भरणे आले. गोळ्या बनवणारे कारखाने बरेच आहेत, दारू मिळते, प्रायमरही मिळतात. गाडी अडते ती पुंगळीपाशी. गोळी आणि दारू एकदा उडाली की संपली. पुंगळी मात्र परत परत वापरायची असते, आणि ती नसली तर सत्तर-ऐंशी लाखांची दुनळीसुद्धा भिंतीवरची शोभा होते. म्हणून माझे सरळ मत असे आहे की या छंदात पुंगळ्यांचा बंदोबस्त आधी करावा आणि रायफल मागाहून घ्यावी. बहुतेक लोक नेमके उलटे करतात.

मोठा बोअर म्हणजे इथे .३७५ इंच आणि त्याहून वरची मापे. आफ्रिकेतली केप म्हैस आणि हत्ती डोळ्यांसमोर ठेवून ही काडतुसे घडली. हा आढावाही मुख्यतः तिथला, आणि अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियातल्या रीलोडिंग करणाऱ्यांचा आहे. भारताचा त्याच्याशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे, पण तो इतिहासातून येतो.

पुंगळीचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असे असते. बार उडाला की ती क्षणभर फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, मागे वायू येऊ देत नाही आणि दाब उतरताच किंचित आक्रसते. त्यामुळे ती बाहेर काढता येते. या एका कामासाठी तिचे बूड कडक लागते आणि मान मऊ. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून ताठरलेले भांडे कारागीर पुन्हा तापवून मऊ करतो, तसेच पुंगळीच्या कारखान्यातही चालते: पितळेची वाटी दाबून लांबवायची, तापवायची, पुन्हा लांबवायची. बूड शेवटपर्यंत न तापवता प्रेसच्या ठोक्यांनी कडक ठेवायचे आणि मानेला अखेरचा शेक द्यायचा. सव्वातीन इंच लांबीच्या .४७० नायट्रो एक्स्प्रेस या दुनळीच्या काडतुसासाठी ही सगळी साखळी वेगळ्या साच्यांनी उभी करावी लागते. जगभर गिऱ्हाईक मूठभर. त्यामुळे कारखानदार काही वर्षांतून एकदा एक लॉट काढतो, तो विकतो आणि यंत्रे .३०८ सारख्या खपणाऱ्या मापाकडे वळवतो. टंचाईचे हे साधे कारण आहे. धातू दुर्मिळ नाही, यंत्रावरची पाळी दुर्मिळ आहे.

त्यात मापांची ही भाऊगर्दी. तिला थोडीफार आपल्याकडची हवा कारणीभूत आहे. १८९८ मध्ये जॉन रिग्बीच्या कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस काढले आणि ते हत्तीच्या शिकारीचे जवळजवळ प्रमाण माप झाले. पण सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे आणि सुदानात बंडखोरांकडे .५७७/४५० मार्टिनी-हेन्री रायफली शिल्लक होत्या. .४५० ची गोळी त्यांच्या कामी येईल ही सरकारला धास्ती. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० मापाच्या दारूगोळ्याची आयात बंद झाली. हिंदुस्थान ही बंदूकवाल्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ. राजेरजवाडे आणि गोरे अधिकारी हेच गिऱ्हाईक. मग प्रत्येक कंपनीने बंदी चुकवणारे आपापले माप काढले. हॉलंड अँड हॉलंडने .४६५, जोसेफ लँगने .४७०, जेफ्रीने .४७५ नंबर २, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. कामगिरीच्या दृष्टीने ही सगळी भावंडेच. पण पुंगळी एकाची दुसऱ्याला चालत नाही. आज .४७६ ची रायफल असलेला माणूस पुंगळीसाठी वणवण फिरतो आणि .४७० वाल्याला ती त्या मानाने सुखाने मिळते, याचे मूळ त्या सरकारी फतव्याच्या परिणामात आहे. बाजाराने पुढे .४७० ला उचलून धरले, बाकीची मागे पडली. जिम कॉर्बेटची जेफ्री दुनळी .४५०/४०० ची होती. नावात ४५० असले तरी तिची गोळी .४०० इंचाच्या आसपासची, म्हणून ती बंदीत सापडली नाही.

या सगळ्यांना काडतुसे पुरवणारे घर मुख्यतः एकच होते, बर्मिंगहॅमजवळच्या विटनचे कायनॉक. १९२६ नंतर ते आयसीआय या मोठ्या रसायन उद्योगात गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर हिंदुस्थान स्वतंत्र झाला, पुढे आफ्रिकेतल्या वसाहती एकामागून एक सुटल्या, आणि या मापांचा खप आटला. १९७० च्या आसपास कायनॉकचे नायट्रो एक्स्प्रेस उत्पादन थांबले, आणि उरलेल्या डब्यांवर लोकांनी कशीबशी वर्षे काढली. दरम्यान अमेरिकेत विंचेस्टरने १९५६ मध्ये .४५८ मॅग्नम काढले. साध्या बोल्ट रायफलीत बसणारे, स्वस्त, आणि पुंगळ्यांचा तुटवडा नसलेले. अनेक व्यावसायिक शिकाऱ्यांनी आवडती दुनळी विकून ते घेतले. त्यांना त्यात गोडी वाटली म्हणून नव्हे, काडतूस मिळते म्हणून.

दुष्काळ फोडला तो अमेरिकेतल्या जिम बेल यांनी. त्यांच्या ब्रास एक्स्ट्रूजन लॅबोरेटरीज या छोट्या कंपनीने नायट्रो एक्स्प्रेसच्या नव्या पुंगळ्या काढल्या, त्याही नेहमीचा अमेरिकन प्रायमर बसेल अशा, आणि माळ्यावरच्या दुनळ्या पुन्हा खाली आल्या. ऑस्ट्रेलियात ब्रूस बर्ट्राम यांनी अशीच दुर्मिळ मापे हाती घेतली. इंग्लंडमध्ये सफोकच्या कायनॅम्को कंपनीने कायनॉक हे नाव पुन्हा बाजारात आणले. मग मोठे कारखाने उतरले. स्वीडनमधल्या ओमोटफोर्स गावचे नॉर्मा, नेब्रास्कातले हॉर्नडी. हॉर्नडीने २००० नंतरच्या दशकात .४५०/४०० परत आणले, तेव्हा कित्येकांना कॉर्बेटची आठवण झाली असणार.

पण नवी पुंगळी म्हणजे चांगली पुंगळी असे समीकरण नाही, आणि त्याचा सर्वांत बोलका दाखला बेल यांच्याच कंपनीचा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लांब पल्ल्याच्या लष्करी रायफलीसाठी .४१६ रिग्बीची पुंगळी मानेला आवळून .३३८ ची करायचे ठरले. पुंगळ्यांचे काम बेल यांच्याकडे गेले. रिग्बीचे मूळ काडतूस १९११ चे, उष्ण प्रदेशात कॉर्डाइट दारू भडकते म्हणून मुद्दाम मोठ्या पोटाचे आणि कमी दाबाचे केलेले. युरोपीय मानकात त्याच्या दाबाची मर्यादा ३२५० बार आहे. नव्या कामाला दाब खूप जास्त हवा होता. पुंगळ्या टिकल्या नाहीत. मग फिनलंडच्या लापुआने बुडाजवळची भिंत जाड करून, धातूचा कडकपणा जागोजाग बदलून तीच आकृती नव्याने रचली. ते .३३८ लापुआ मॅग्नम, मर्यादा ४२०० बार. बाहेरून पाहाल तर दोन्हींचे घराणे एकच. फरक सगळा न दिसणाऱ्या जागी. रिग्बीचे पोट मोठे आहे म्हणून जास्त दारू भरून वेग वाढवू पाहणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. .४७० ला तर २७०० बारच पुरतात. म्हणूनच दुनळीच्या पुंगळ्या नीट वापरल्या तर वर्षानुवर्षे चालतात, आणि ४३०० बारच्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडच्या त्या मानाने लवकर थकतात.

विकत मिळत नसेल तर बनवायची, ही रीलोडिंगमधली जुनी वाट. घराण्यांचा हिशेब माहीत असला की ती समजते. १९१२ चे पट्टेवाले, म्हणजे बुडाजवळ उंच पट्टा असलेले, .३७५ हॉलंड अँड हॉलंड हे अशा घराण्याचे मूळपुरुष. .४५८ विंचेस्टर, .४१६ रेमिंग्टन, .४५८ लॉट ही सगळी त्याची संतती. जॅक लॉट यांना १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये म्हशीने तुडवले, .४५८ विंचेस्टरवरचा त्यांचा विश्वास उडाला, आणि .३७५ ची पुंगळी रुंदावून त्यांनी आपले माप केले. हॉर्नडीने तयार माल आणेपर्यंत बहुतेक लॉटवाले असेच करीत. मान रुंदावताना पुंगळी किंचित आखूड होते एवढीच खोट. .४१६ रिग्बीच्या टंचाईच्या काळात लोकांनी .४६० वेदरबीचा पट्टा लेथवर कातून काम भागवले. .४०४ जेफ्रीसाठी रेमिंग्टनच्या अल्ट्रा मॅग पुंगळ्या वापरतात, कारण ते घराणे .४०४ वरूनच निघाले. फक्त कडा किंचित अरुंद, .५४३ इंचाऐवजी .५३४, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टरची पकड तपासून घ्यावी लागते. सगळ्यांत गमतीचा उद्योग मार्टिनी-हेन्रीवाल्यांचा. ते ब्राझीलच्या मॅगटेकची २४ गेजची पितळी छऱ्याची पुंगळी आवळून, कापून .५७७/४५० करतात. काळ्या दारूच्या हलक्या भरणीला ती उत्तम चालते.

या वाटेबद्दल फार कौतुकाने बोलले जाते. कारागिरी म्हणून मलाही तिचे अप्रूप आहे. पण शिकारीसाठी मी ती शेवटची वाट मानतो आणि त्याला एक कोरडे, सरकारी कारण आहे. पुंगळीच्या बुडावर मूळ मापाचा शिक्का असतो. आफ्रिकेत विमानतळावर अधिकारी रायफलीवरचे माप आणि काडतुसाच्या बुडावरचे माप ताडून पाहतात. कागदावर .४०४ आणि शिक्का ३०० अल्ट्रा मॅगचा असेल, तर मान कशी रुंदावली हे तिथे समजावत बसायला कोणाला वेळ नसतो. काडतुसे जप्त झाली तर पुढची शिकार भाड्याच्या रायफलीने करावी लागते. विमानात माणशी पाच किलोच काडतुसे नेता येतात, म्हणजे बदली साठाही सोबत नसतो. चुकीचा शिक्का म्हणजे चुकीच्या रायफलीत जाण्याचा धोकाही आलाच. घरच्या मैदानावर सरावासाठी बनवलेली, प्रवासासाठी योग्य शिक्क्याची, अशी वाटणी करणारे लोक मला शहाणे वाटतात.

जुन्या कायनॉक पुंगळ्यांबद्दल मात्र शंका ठेवू नये. त्या सोडून द्याव्यात. जुन्या प्रायमरमध्ये पारा असे. बार उडाला की पारा पितळेत शिरतो आणि धातू ठिसूळ होतो. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही आणि कशानेही भरून येत नाही. क्लोरेटच्या प्रायमरचे तसे नाही. त्याचा क्षार ओल धरून नळी गंजवतो, पण तो गरम पाण्याने धुता येतो. जुन्या पुंगळ्यांना बर्डान जातीचे, मोठ्या मापाचे प्रायमर लागत आणि ते आता हाती लागणे कठीण. (बर्डान अमेरिकन, बॉक्सर इंग्रज, आणि अमेरिकेने बॉक्सर पत्करला, युरोपने बर्डान. इतिहासाचा खट्याळपणा.) मूळ डब्यासह जुनी कायनॉक काडतुसे संग्राहक चांगल्या भावाने घेतात. ती विकावीत आणि त्या पैशात नवी पुंगळी घ्यावी.

पितळेचा आणखी एक शत्रू हिंदुस्थानातच नीट ओळखीचा झाला. एकोणिसाव्या शतकात इथल्या इंग्रजी फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली असत आणि त्यांच्या माना आपोआप तडकत. दोष हवामानाचा वाटे. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळ ओढताना त्यात राहून गेलेला ताण, या दोहोंचा मिळून हा उद्योग आहे, हे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी स्पष्ट केले. कारखान्यात मानेला शेवटचा शेक देण्यामागे हेही एक कारण आहे. घरातला धडा सोपा: समई घासायचे अमोनियायुक्त पॉलिश पुंगळीला लावू नये. चकाकीच हवी असेल तर अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून फिरवायचे यंत्र पुरते. आणि चकाकीने गोळी सरळ जात नाही.

आता निवड. लक्ष्यवेधी नेमबाज पुंगळीत एकसारखेपणा शोधतो, कारण त्याला पाचशे मीटरवर गोळ्यांचा पुंजका लहान हवा असतो. म्हशीसमोर पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या माणसाच्या गरजा निराळ्या आहेत: काडतूस विनातक्रार चेंबरमध्ये जावे, प्रायमर फुटावा, पुंगळी विनाअडथळा बाहेर यावी, आणि पहिल्या बाराच्या धक्क्याने मॅगझिनमधल्या बाकीच्या काडतुसांच्या गोळ्या आत ढकलल्या जाऊ नयेत. हा शेवटचा मुद्दा मोठ्या बोअरमध्ये फार महत्त्वाचा, आणि तो मानेच्या जाडीवर व पकडीवर अवलंबून असतो. पातळ मानेची पुंगळी वजनाला कितीही एकसारखी असो, ती इथे नापास. गोळीवरच्या खाचेत मान आवळणे हा उपाय आहेच, पण मानच पातळ असेल तर आवळून कितीसे धरणार?

दुसरी गोष्ट आतली जागा. पितळेची घनता सुमारे ८.५ आहे. म्हणजे बाहेरून सारखी दिसणारी पुंगळी साडेआठ ग्रॅमने जड असेल तर आतली जागा जवळपास एक घन सेंटिमीटरने कमी, आणि त्याच दारूला दाब जास्त. एका कारखान्याच्या पुंगळीसाठी ठरवलेली भरणी दुसऱ्याच्या पुंगळीत तशीच ओतणे म्हणूनच घातक. दुनळीत याचा आणखी एक त्रास आहे. तिच्या दोन नळ्या ठरावीक वेगाला एकाच जागी मारतील अशा जुळवलेल्या असतात. पुंगळी बदलली, वेग बदलला, की डावी-उजवी गोळी एकमेकींपासून लांब जाते किंवा एकमेकींचा मार्ग ओलांडते. गिऱ्हाईक बंदूकवाल्याला दोष देते. चूक तराजूवर सापडते.

तिसरी गोष्ट पुंगळी चेंबरमध्ये कशावर टेकते ती. कडेवाल्या नायट्रो एक्स्प्रेसमध्ये कडेची जाडी निर्णायक. जाड असेल तर दुनळी मिटत नाही, पातळ असेल तर प्रायमरला ठोका नीट बसत नाही. पट्टेवाल्या मापांत पुंगळी पट्ट्यावर टेकते, पण खांद्यापुढे चेंबर बहुधा ऐसपैस कातलेले असते. पहिल्याच बाराला ती पट्ट्यापुढे ताणली जाते. मग डाय, म्हणजे पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा, पूर्ण खाली बसवून दर वेळी खांदा मागे ढकलला, तर चार-पाच भरण्यांतच भिंत पातळ पडते. डाय असा लावावा की खांदा केसभरच हलेल आणि पुंगळी आपल्याच चेंबरच्या आकारात राहील. भिंत आतून पाहायला टोक वाकवलेली साधी तार पुरते. बुडाच्या जरा वर ती अडखळली की पुंगळी भंगारात. बाहेरून दिसणारी उजळ रेघ ही त्याचीच खूण, पण ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. प्रायमर बोटाच्या दाबाने खिशात बसू लागला तरी तोच निकाल. मान मात्र वाचवता येते. काही भरण्यांनंतर तिला पुन्हा शेक द्यावा, बूड थंड ठेवून. बूड मऊ झालेली पुंगळी हा या सगळ्या धंद्यातला सर्वांत वाईट अपघात आहे.

कारखान्यांची नावे घेऊन क्रमवारी लावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. एकाच नावाचे दोन लॉट वेगळे निघतात. मोठा कारखाना की छोटा, यापेक्षा आपण एकाच लॉटमधून पुरेसा माल घेतला का, हे विचारावे. वर्षाला एखादी शिकार आणि थोडा सराव करणाऱ्याला मोठ्या मापाच्या शंभर पुंगळ्या बहुतेक आयुष्यभर पुरतात. महाग वाटतात, पण त्या एकदाच घ्यायच्या. दर वर्षी वीस-वीस घेत राहिलात तर पाच लॉट होतील, पाच वेगळ्या भरण्या ठरवाव्या लागतील, आणि मधल्या एखाद्या वर्षी माल बाजारातून नाहीसा होईल तो वेगळाच. वापरलेल्या पुंगळ्या घ्यायच्या झाल्या तर एकदाच उडालेल्या, आणि त्याही कोणत्या रायफलीतून ते विचारून. दुसऱ्याच्या सैल चेंबरमध्ये ताणलेली पुंगळी स्वस्तात घेऊन उपयोग नाही. अमेरिकेतून बाहेर मागवताना निर्यात परवान्याचा प्रश्न आधी सोडवावा, पैसे नंतर भरावेत.

भारतात हा सगळा व्यवहार बहुतांशी वाचायचा विषय आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटला आणि शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू असला तरी दुनळीवाल्याने त्याच्याकडे आशेने पाहण्यात अर्थ नाही. जुन्या संस्थानी घराण्यांत आणि काही वाड्यांत वडिलोपार्जित रायफलीबरोबर कायनॉकचे डबेही निघतात, साठ-सत्तर उन्हाळे-पावसाळे पाहिलेले. आतली कॉर्डाइट आणि प्रायमर कोणत्या अवस्थेत आहेत, हे बाहेरून कळत नाही. ती काडतुसे उडवून पाहू नयेत, पुंगळी वाचवण्यासाठी घरी उघडूही नयेत. रायफलीच्या परवान्यात त्यांची नोंद आहे का ते पाहावे आणि परवानाधारक विक्रेत्यामार्फत किंवा पोलीस ठाण्यात त्यांची व्यवस्था लावावी.